न कळलेला शेरा : कंपायलर त्याचे काय करतो?

समजा महिन्याच्या पहिल्या तारखेला आईने तुमच्या हाती वाणसामानाची यादी दिली आणि तुम्हाला दुकानात पिटाळले. यादी अशी आहे :

तूरडाळ २ किलो
गूळ १ किलो (चिक्कीचा)
रवा अर्धा किलो (घाई नाही, उद्या दिला तरी चालेल)
शेंगदाणे अर्धा किलो (खारे नकोत, आजोबांसाठी)

दुकानात त्या दिवशी एक नवा मुलगा आहे. डाळ, गूळ, रवा, शेंगदाणे त्याला नीट ठाऊक आहेत. पण कंसातले बारीक अक्षर काही त्याला लागत नाही. आता त्याने काय करावे बरे?

तो तीनपैकी एक गोष्ट करू शकेल. एक, कंसाकडे काणाडोळा करून मुकाट्याने माल बांधून देणे. दोन, माल देणे, पण "हे कंसातले मला कळले नाही हं, घरी सांगा" असे बजावणे. तीन, "आधी हे काय ते स्पष्ट लिहून आणा" म्हणून यादीच परत करणे.

पहिला मार्ग किती सोयीचा! रव्याच्या बाबतीत तर तो अगदी निर्धोकही आहे. 'घाई नाही' हा शेरा वाचला नाही म्हणून काय बिघडले? रवा आजच मिळाला, एवढेच. पण शेंगदाण्यांचे काय? आजोबांना डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केले आहे. तिथला शेरा गळला, तर चुकीची वस्तू घरी येईल. आणि गंमत अशी, की दोन्ही शेरे दिसायला सारखेच आहेत. दोन्ही कंसात, दोन्ही बारीक अक्षरात!

नेमका हाच पेच संगणकाच्या जगात रोज, हजारो वेळा उभा राहतो. तिथे दुकानातल्या मुलाच्या जागी असतो कंपायलर.

कंपायलर म्हणजे कोण?

संगणकाच्या प्रक्रियकाला फक्त त्याची यंत्रभाषा कळते, आणि ती म्हणजे नुसते आकडे. माणसाला त्या भाषेत लिहिणे फार जिकिरीचे. म्हणून आपण सी, जावा यांसारख्या भाषेत आज्ञावली लिहितो आणि ती यंत्रभाषेत उतरवण्याचे काम दुसऱ्या एका आज्ञावलीवर सोपवतो. हीच कंपायलर. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार केला आणि ही कल्पना चांगलीच रुजली.

कंपायलर अत्यंत काटेकोर असतो. एखादे विरामचिन्ह राहिले, की तो अडून बसतो. सी भाषेत वाक्याच्या शेवटी अर्धविराम दिला नाही, तर "येथे चूक आहे" असे सांगून तो काम थांबवतो. हे योग्यच आहे. अर्धवट वाक्याचा अर्थ अंदाजाने लावणारा कंपायलर कोणाला हवा आहे?

पण आज्ञावलीत नुसत्या आज्ञाच नसतात. आपल्या यादीसारखे शेरेही असतात. "हे फंक्शन आता जुने झाले, वापरू नका", "या फंक्शनचे उत्तर वाया घालवू नका", "ही माहिती स्मृतीत अगदी खेटून ठेवा", असे हे शेरे. त्यांना अॅट्रिब्यूट म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी 'शेरा' म्हणू या. सी प्लस प्लस भाषेत २०११ पासून असा शेरा दुहेरी चौकोनी कंसात लिहितात : [[ ]]. सी भाषेनेही 'सी २३' या आवृत्तीत (ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली) हीच पद्धत उचलली.

तुम्ही विचाराल, "कंपायलरला शेरा कळणार नाही असे होईलच कसे? भाषा तर एकच ना?" भाषा एक, पण कंपायलर अनेक! सी प्लस प्लससाठी जीसीसी आहे, क्लँग आहे, मायक्रोसॉफ्टचा आहे, आणखीही आहेत. प्रत्येकाचे काही खास शेरे असतात. शिवाय भाषेच्या नव्या आवृत्तीत नवे शेरे येतात आणि जुन्या कंपायलरला ते ठाऊक नसतात. एकच आज्ञावली या सगळ्यांकडून भाषांतरित करून घ्यायची, तर अनोळखी शेऱ्याबद्दल काहीतरी नियम हवाच.

पाठकोऱ्या बाजूवरची चिठ्ठी

सर्वांत जुनी युक्ती मोठी मजेदार आहे. प्रत्येक भाषेत टिपणासाठी जागा असते. तिथे लिहिलेले कंपायलर वाचतच नाही, ते फक्त माणसासाठी असते. मग काही कंपायलर बनवणाऱ्यांनी ठरवले, की टिपणातच एक विशिष्ट खूण करून शेरा लिहायचा. खूण ओळखणारा कंपायलर तो वाचील. न ओळखणारा टिपण समजून पुढे जाईल. जणू यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली चिठ्ठीच!

ओपनएमपी या पद्धतीने फोरट्रानसाठी १९९७ मध्ये हीच युक्ती वापरली. फोरट्रानमध्ये उद्गारचिन्हापुढचा मजकूर टिपण समजला जातो. ओपनएमपीचे शेरे उद्गारचिन्हानेच सुरू होतात. "हे काम अनेक प्रक्रियकांत वाटून द्या" असे ते सांगतात. ज्या कंपायलरला ही खूण कळत नाही, तो सगळे काम एकाच प्रक्रियकावर करवतो. आज्ञावली नीट लिहिलेली असेल तर उत्तर तेच येते, फक्त वेळ जास्त लागतो. हा शेरा आपल्या रव्यासारखा झाला. गळला तरी अनर्थ नाही.

प्रॅग्मा आणि एक थट्टा

पण टिपणात लपवाछपवी किती दिवस करायची? म्हणून काही भाषांनी शेऱ्यासाठी राजरोस जागा दिली. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या एडा भाषेत (लेडी एडा लव्हलेस यांचे नाव या भाषेला दिले आहे) अशा शेऱ्याला 'प्रॅग्मा' म्हणत. नियम असा होता, की अनोळखी प्रॅग्माचा काहीही परिणाम होऊ नये. पुढे १९९५ च्या आवृत्तीत त्याला एक महत्त्वाची जोड मिळाली : प्रॅग्माचे नाव ओळखता आले नाही, तर कंपायलरने तसा इशारा दिलाच पाहिजे. म्हणजे दुकानातल्या मुलाला पहिल्या मार्गावरून दुसऱ्या मार्गावर आणले!

सी भाषेतही प्रॅग्मा आला. पण तिचा प्रमाण मसुदा तयार होत होता तेव्हा प्रॅग्मा दिसल्यावर काय करायचे, ते कंपायलर बनवणाऱ्यावर सोपवले होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर प्रथम प्रसिद्ध केला. त्यांना ही ढिलाई मुळीच पसंत नव्हती. मग सुरुवातीच्या एका आवृत्तीत त्यांनी थट्टा केली. आज्ञावलीत प्रॅग्मा दिसला, की कंपायलर भाषांतर सोडून संगणकावर भुयारात भटकण्याचा एखादा खेळ आहे का ते शोधू लागे आणि सापडला तर तोच सुरू करी! खेळ नसला, तर तो हनोईच्या मनोऱ्यांचे कोडे पडद्यावर मांडण्याचा प्रयत्न करी. तेही जमले नाही तर एक गमतीदार संदेश देऊन बंद पडे.

नियमाच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. "वाटेल ते करा" म्हटल्यावर वाटेल ते केले! थट्टेतला मुद्दा मात्र गंभीर होता. न कळलेल्या शब्दाचे काय करायचे हे भाषेने ठरवले नाही, तर दोन कंपायलर दोन तऱ्हा करतील, आणि बिचाऱ्या आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती काय उरेल? १९८९ च्या प्रमाण सी भाषेत मग स्पष्ट वाक्य आले, की न ओळखता आलेला प्रॅग्मा दुर्लक्षित करावा. जीसीसीमधली ती थट्टाही पुढे काढून टाकण्यात आली.

न कळताही वाचायचे कसे?

आता कंपायलरच्या पोटात शिरून पाहू. जो शब्द कळतच नाही, तो नेमका कुठे संपतो हे त्याला कसे समजते?

कंपायलर प्रथम मजकुराचे सुटे शब्द आणि चिन्हे करतो. मग व्याकरणाप्रमाणे त्यांची जुळणी करतो. दोन उघडे चौकोनी कंस दिसले, की त्याला कळते, "इथे शेरा सुरू झाला." शेऱ्याच्या नावापुढे गोल कंसात आणखी काही मजकूर असू शकतो. या मजकुरावर भाषेची अट एकच : उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला पाहिजे. म्हणून अनोळखी शेऱ्याच्या बाबतीत कंपायलरने आतला अर्थ लावायची गरजच नसते. गणिताच्या पदावलीत तुम्ही करता तसे तो फक्त कंस मोजतो. कंस उघडला की एक मिळवायचा, बंद झाला की एक वजा करायचा. बेरीज शून्यावर आली की मजकूर संपला.

मग तो शेऱ्याचे नाव आपल्या कोष्टकात शोधतो. सापडले, तर शेरा योग्य जागी आहे ना, हे तपासून त्याप्रमाणे वागतो. सापडले नाही, तर जीसीसी आणि क्लँग हे दोघेही इशारा देतात, की हा शेरा दुर्लक्षित केला आहे, आणि पुढचे काम चालू ठेवतात. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीने 'अनोळखी शेरा दुर्लक्षित करावा' हा नियमच लिहून टाकला.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. शेरा न कळणे वेगळे आणि कंसच न कळणे वेगळे. आपल्याकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत अनेक वर्षे टर्बो सी वापरून विद्यार्थी शिकले. तो कंपायलर २०११ च्या कितीतरी आधीचा. त्याला दुहेरी चौकोनी कंसाची ही जागाच ठाऊक नाही, म्हणून तो शेरा गाळत नाही, सरळ चूक दाखवतो. अनोळखी गोष्ट सोडून द्यायची, तर ती सोडून देण्याजोगी आहे एवढे तरी आधी ओळखता आले पाहिजे!

शेंगदाण्यांचा हिशेब

आता खऱ्या धोक्याकडे वळू. समजा तुमच्या शाळेत हवामान मोजणारे एक छोटे यंत्र आहे. प्रत्येक नोंदीत ते दोन गोष्टी पाठवते : कोणते उपकरण ते सांगणारा १ बाइट आणि मोजमापाचे ४ बाइट. एकूण ५ बाइट. नोंदी एकापुढे एक, खेटून येतात.

संगणकावर ही नोंद वाचण्यासाठी तुम्ही १ बाइटचा आणि ४ बाइटचा असे दोन कप्पे लिहिता. पण बहुतेक संगणकांवर ४ बाइटची संख्या स्मृतीत ४ ने भाग जाणाऱ्या ठिकाणी ठेवतात, कारण तशी ती वाचणे यंत्राला सोपे जाते. म्हणून कंपायलर पहिल्या बाइटनंतर ३ बाइट रिकामे सोडतो. नोंद होते १ + ३ + ४ = ८ बाइटची!

हे टाळण्यासाठी जीसीसीचा 'पॅक्ड' नावाचा शेरा आहे. "मध्ये रिकामी जागा सोडू नका" असे तो सांगतो. तो मानला की नोंद ५ बाइटची राहते. आता हीच आज्ञावली हा शेरा न ओळखणाऱ्या दुसऱ्या कंपायलरकडे गेली, तर काय होईल? नियमाप्रमाणे तो शेरा गाळील आणि नोंद ८ बाइटची करील. यंत्राकडून तिसरी नोंद १० बाइटनंतर सुरू होते; आज्ञावली मात्र ती १६ बाइटनंतर शोधील. तिथे सापडेल चौथ्या नोंदीचा मधलाच तुकडा. तापमानाच्या जागी भलताच आकडा! भाषांतर बिनबोभाट झाले, आज्ञावली चालतेही आहे, फक्त उत्तर खोटे आहे.

हे आपले शेंगदाणे. इथे शेरा गळला की अर्थच बदलला.

सी प्लस प्लसच्या २०२० च्या आवृत्तीत याचा आणखी एक नमुना पाहायला मिळाला. रिकाम्या घटकाला स्मृतीत वेगळी जागा देऊ नये, असे सुचवणारा एक शेरा तिने आणला. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तो ठाऊक असूनही गाळायचे ठरवले. का? तो पाळला तर स्मृतीतली मांडणी बदलणार, आणि आधी भाषांतरित केलेले भाग नव्या भागांशी जुळेनासे होणार. म्हणून त्यांनी तोच शेरा स्वतःचे नाव पुढे जोडून वेगळा दिला. ज्याला हवा त्याने तो जाणूनबुजून वापरावा.

स्पेलिंगची चूक

दुसरा धोका फार साधा आहे. हाताची चूक! २०१७ मध्ये सी प्लस प्लसमध्ये 'नोडिसकार्ड' हा शेरा आला. तो सांगतो, की या फंक्शनचे उत्तर कोणी न वापरता टाकून दिले, तर इशारा द्या. समजा एक फंक्शन गुणपत्रिका जतन करते आणि 'झाली' किंवा 'नाही झाली' असे उत्तर देते. हे उत्तरच पाहिले नाही, तर गुणपत्रिका जतन झाली नाही हे कळणार कधी? म्हणून त्यावर हा शेरा लिहायचा.

आता लिहिताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली. कंपायलरच्या दृष्टीने तो एक अनोळखी शेरा झाला. त्याने एक इशारा दिला आणि शेरा गाळला. त्या दिवशी पडद्यावर आणखी पन्नास इशारे असतील तर हा एक कोण वाचणार? दारावर पहारेकरी ठेवला असे तुम्ही समजत राहता. प्रत्यक्षात दार उघडेच!

याच कारणासाठी काही भाषांनी तिसरा मार्ग पत्करला. जावामध्ये २००४ पासून असे शेरे आहेत, पण प्रत्येक शेऱ्याची व्याख्या कुठेतरी केलेली असावीच लागते. स्पेलिंग चुकले, की व्याख्या सापडत नाही आणि भाषांतर थांबते. रस्ट भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. तिचा कंपायलरही अनोळखी शेरा दिसताच चूक दाखवतो.

मग सी प्लस प्लसनेही तसेच का करू नये? कारण उघड आहे. तिथे अनेक कंपायलर आणि अनेक वर्षांच्या आज्ञावल्या आहेत. प्रत्येक अनोळखी शेऱ्यावर अडायचे ठरवले, तर एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याकडे नेणे कठीण होऊन बसेल. काटेकोरपणा आणि सोय यांची ही ओढाताण आहे.

मग करायचे काय?

जाणकार मंडळी चार गोष्टी पाळतात. पहिली, ज्याचा शेरा त्याचे नाव पुढे लावायचे, म्हणजे तो कोणासाठी आहे हे स्पष्ट होते. दुसरी, कंपायलरला आधीच विचारायचे, "हा शेरा तुला ठाऊक आहे का?" असे विचारण्याची सोय सी आणि सी प्लस प्लस या दोन्ही भाषांत आता आहे. तिसरी, इशाऱ्यालाच चूक समजण्याची आज्ञा कंपायलरला द्यायची. मग एकही इशारा नजरेआड होत नाही.

चौथी सर्वांत मोलाची. ज्या शेऱ्यावर उत्तर अवलंबून आहे, त्याच्या भरवशावर राहायचे नाही. सी आणि सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून भाषांतराच्या वेळीच एखादे विधान पडताळून पाहता येते. "या नोंदीची लांबी ५ बाइट असलीच पाहिजे" असे लिहून ठेवायचे. हा शेरा नाही, ही आज्ञा आहे. ती गाळण्याची मुभा नाही. 'पॅक्ड' गळला, की लांबी ८ होते, विधान खोटे ठरते आणि भाषांतर तिथेच थांबते. पिशवी घरी आल्यावर आईने शेंगदाण्याचा एक दाणा चाखून पाहावा आणि मगच आजोबांना द्यावेत, तसे हे आहे.

म्हणजे कसोटी ही झाली : शेरा पुसून टाकला तर आज्ञावलीचे उत्तर तेच राहते का? राहत असेल, तर खुशाल गाळा, पण गाळल्याचे सांगा. राहत नसेल, तर ती गोष्ट कंसात लिहिण्याची नव्हतीच. ती यादीत ठळक लिहायला हवी होती : 'बिनमिठाचे शेंगदाणे, अर्धा किलो.'

करून पहा

शाळेच्या संगणककक्षात जीसीसी किंवा क्लँग असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे करा. सी प्लस प्लसमध्ये दोन संख्यांची बेरीज करणारे छोटे फंक्शन लिहा. त्याच्या आरंभी दुहेरी चौकोनी कंसात तुमच्या गावाचे नाव रोमन लिपीत, एका शब्दात लिहा. भाषांतर करा आणि पडद्यावरचा इशारा वहीत उतरवून घ्या. आता कंस काढा, गावाचे नाव तसेच ठेवा आणि पुन्हा भाषांतर करा. काय फरक पडला? तिसऱ्या वेळी त्याच जागी 'नोडिसकार्ड' हा शेरा अचूक लिहा, आणि फंक्शन वापरताना त्याचे उत्तर मुद्दाम टाकून द्या. शेवटी त्या शेऱ्यातले एक अक्षर चुकवा. कोणता इशारा नाहीसा झाला आणि कोणता नवा आला, ते चारही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासा.